तिमाही अहवाल

माननीय पाळकसाहेब आणि पंचकमिटी, सलाम.
आकडे मागितलेत, ते आधी देते.
भरलेले चहाचे मग: मोजले नाहीत.
धुतलेले: तेवढेच, वजा चार. फुटले.
बाप्तिस्मे: शून्य.
'जिंकलेले आत्मे' या रकान्यात
पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आहे.
ती आडवी वाचायची की उभी,
तुम्ही ठरवा.

ॲबरिस्टविथ हे नाव उच्चारायला मला दोन आठवडे लागले,
पोस्टातल्या बाईंना कृपावती म्हणायला तीन.
समुद्रालगतच्या रस्त्याच्या टोकाला लोखंडी कठडा आहे.
विद्यार्थी तिथवर चालत जातात,
कठड्याला लाथ मारतात आणि माघारी फिरतात.
का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
मीही मारते.
आपल्यात हे बसत नसेल तर कळवावे.

शुक्रवारी रात्री चॅपलच्या मागच्या खोलीत
आम्ही ब्रेडमध्ये चीज घालून भाजतो.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रश्न विचारून सुरुवात करा.
पण प्रश्न तेच विचारतात.
हाओरान इंग्रजी सुधारावं म्हणून शुभवर्तमान वाचतो.
त्याने विचारलं: धाकटा घरी आला, वासरू कापलं, वाजंत्री लागली,
मग मोठ्याला शेतातून बोलवायला
कुणीच का नाही गेलं?
पाळकसाहेब, मी जालन्यात अकरा वर्षं संडे स्कूल घेतलं.
पाच भावंडांत मी थोरली.
हे कधी सुचलंच नाही मला.
मी म्हणाले, आणखी चहा?
त्याने घेतला. उत्तराची तो अजून वाट पाहतोय,
तुमच्याकडे असेल तर पाठवा.

इफेओमाची प्रार्थना एवढी मोठी असते
की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काठीने जमीन ठोकतात.
ती म्हणते, आमेन म्हणताहेत.

आणि गेथिन.
दर शुक्रवारी दारातूनच ओरडतो,
'देव नसला तरी चालेल, चीज आहे ना?'
फेब्रुवारीत एकदा सगळे गेल्यावर आला.
भिजलेला. भूक नाही म्हणाला.
वडिलांनी त्या दिवशी मेंढ्या विकल्या होत्या, सगळ्या,
कुत्रा तेवढा ठेवला होता.
मला एक वचन आठवलं, मग दुसरं,
दोन्ही मेंढरांचीच निघाली.
गिळली.
त्याच्या हातात पुसायचं फडकं दिलं.
एकच मग तो पंधरा मिनिटं पुसत राहिला,
मग त्याच्या वेल्श भाषेत काहीतरी बोलला, बराच वेळ,
मला कळलं नाही.
मी मराठीत प्रार्थना केली,
त्याला कळली नाही.
इंग्रजी त्या रात्री
दोघांनीही बाहेर खुंटीवर टांगून ठेवलं होतं,
ओल्या कोटांशेजारी.

पुढच्या शुक्रवारी तो दारातून ओरडला नाही.
आत आला, टोस्टर पुसला,
तळाशी साचलेला वर्षभराचा चुरा
खिडकीतून सीगलना टाकला.
देवाबद्दल अवाक्षर नाही.
पेन्सिलीची रेघ ती हीच.

खर्चाचा हिशेब जोडला आहे.
बूट घ्यावे लागले, जुने इथल्या पावसात
पहिल्याच महिन्यात तोंड उघडून बसले.
थंडी सोसते. रविवारी मात्र
गाणं चार आवाजांत उठलं की
आपली ढोलकी कानात वाजते, आणि मी ठेका चुकते.
पुढे बसणाऱ्या मिसेस प्रॉसर मागे वळून हसतात.
ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आजोबांच्या बहिणीने
आपल्याकडे कुठेतरी दवाखाना चालवला होता म्हणे,
गावाचं नाव त्यांना आठवत नाही.
मी चार नावं सांगून पाहिली.
प्रत्येक नावाला त्या हो म्हणाल्या.

ता. क.
हंगामाच्या सणात माझ्या तिकिटासाठी
शेवंताबाईंची कोंबडी लिलावाला लावली होती.
घेणारा पैसे मोजायचा आणि कोंबडी परत टेबलावर ठेवायचा.
सहा वेळा विकली गेल्याचं मी पाहिलं,
मग मला सामान बांधायला घरी पाठवलं.
शेवटी कुणी नेली ती?
की परत त्यांच्याच परड्यात सोडली?
एवढं मात्र नक्की कळवा.